मित्र नव्हे, ओळखीचा!

इंग्रजीच्या अभ्यासात 'समानार्थी शब्द द्या' हा प्रश्न ठरलेला असतो. 'फ्रेंड' या शब्दापुढे मुले 'कंपॅनियन', 'कॉम्रेड', 'अक्वेन्टन्स', 'असोसिएट' असे आठवतील ते शब्द लिहून मोकळी होतात आणि पुष्कळदा त्यांना गुणही मिळतात. शब्दकोश उघडून पाहावे तर तेथेही फार उजेड पडत नाही. एकाचा अर्थ मित्र, दुसऱ्याचा सोबती, तिसऱ्याचा परिचित. आता सोबती आणि मित्र यांत काय मोठा फरक, असे मनाशी म्हणून विद्यार्थी पुढच्या शब्दाकडे वळतो.

विज्ञानाच्या मासिकात ही इंग्रजीची कटकट कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु हा निव्वळ भाषेचा प्रश्न नाही. समाजशास्त्रातला एक गाजलेला सिद्धांत 'फ्रेंड' आणि 'अक्वेन्टन्स' या दोन शब्दांमधल्या फरकाकडे एका माणसाने कान दिल्यामुळे पुढे आला. साथीच्या रोगाशी झुंजताना 'कॉन्टॅक्ट' या शब्दाचा अर्थ चुकला तर माणसे आजारी पडतात. तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, हे शब्द समानार्थी म्हणून शिकवूच नयेत. तापमापी आणि वजनकाटा ही दोन्ही मोजण्याची साधने आहेत. म्हणून त्यांना कोणी समानार्थी म्हणत नाही. या शब्दांचेही तसेच आहे. ते सगळे माणसामाणसांमधले नाते मोजतात, पण प्रत्येक शब्द वेगळी राशी मोजतो.

त्यांचे मूळ पाहिले की हे ध्यानात येते. 'कंपॅनियन' म्हणजे ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली तो. लॅटिन भाषेत 'पानिस' म्हणजे पाव. आपण वड्याबरोबर खातो त्या पावाचे नाव पोर्तुगिजांकडून आले आणि तेही याच 'पानिस'चे वंशज आहे. म्हणजे हा शब्द आपल्याला अगदीच परका नव्हे. 'कॉम्रेड' म्हणजे एका खोलीत राहणारा. त्यातली 'कामेरा' म्हणजे खोली, आणि छायाचित्रे घेण्याचा कॅमेरा हीसुद्धा मुळात एक अंधारी खोलीच. 'मेट' म्हणजे बरोबर जेवणारा. 'फेलो' हा शब्द उत्तर युरोपातल्या नॉर्स भाषेतून आला. एखाद्या व्यवहारात आपल्याबरोबर पैसा घालणारा तो फेलो. 'कलीग' म्हणजे आपल्याबरोबर कामावर नेमलेला, आणि 'नेबर' म्हणजे जवळ राहणारा. अन्न, खोली, पैसा, काम, जागा यांपैकी काहीतरी दोघांनी वाटून घेतले आहे, एवढेच हे शब्द सांगतात. त्या माणसावर आपला जीव आहे की नाही याबद्दल ते मौन पाळतात. कलीगशी आपले जराही पटत नसले तरी तो कलीगच राहतो. शेजाऱ्याशी नळावरून भांडण झाले म्हणून तो शेजारी असायचा थांबत नाही.

'फ्रेंड' आणि 'अक्वेन्टन्स' हे दोन शब्द या पंक्तीत बसत नाहीत. 'फ्रेंड' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'प्रेम करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून झाला, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातल्या 'प्रिय' या शब्दाशी जोडतात. 'अक्वेन्टन्स' मात्र 'जाणणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून, फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्रजीत आला. इंग्रजीतले 'नो' हे क्रियापद आणि आपला 'ज्ञा' धातू हे त्याच कुळातले. म्हणजे एक शब्द मायेबद्दल बोलतो, दुसरा माहितीबद्दल.

गोंधळ होतो तो यांना शिडीच्या पायऱ्या समजल्यामुळे. खालच्या पायरीवर अनोळखी, मधल्या पायरीवर ओळखीचा, वरच्या पायरीवर मित्र; आणि ओळखीचा म्हणजे जो अजून मित्र व्हायचा राहिला आहे असा कोणीतरी. ही समजूत चुकीची आहे. दहा वर्षे आपल्या गल्लीत पत्रे आणणारे पोस्टमन आपल्या ओळखीचे असतात. आपल्याला त्यांचे नाव ठाऊक असते, त्यांना आपले घर ठाऊक असते, उन्हाळ्यात आपण त्यांना पाणी विचारतो. आणखी दहा वर्षांनीही ते आपले 'अक्वेन्टन्स'च राहतील आणि त्यात काही उणे नाही. ती अर्धवट राहिलेली मैत्री नव्हे. ते एक वेगळ्याच जातीचे, पुरते नाते आहे.

येथे मराठीकडे जरा वळायला हवे, कारण 'ओळखणे' हे आपले क्रियापद मोठे गमतीचे आहे. इंग्रजीत एकाच 'नो'वर जे भागते, त्यासाठी आपण दोन शब्द वापरतो. एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत असते', पण माणसाला आपण 'ओळखतो'. 'मला ते डॉक्टर माहीत आहेत' आणि 'मी त्या डॉक्टरांना ओळखतो' यांतला फरक चौथीतल्या मुलालाही कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजांना मात्र त्यासाठी 'नो'च्या मागे शेपूट लावावे लागते. नुसते 'आय नो हिम' म्हटले तर प्रत्यक्ष ओळख आहे असे होते. कानांवर आले आहे एवढेच सांगायचे असेल तर 'आय नो ऑफ हिम' म्हणायचे. चेहऱ्याने ओळखणे वेगळे, नावाने ओळखणे वेगळे. म्हणून आपला विद्यार्थी सचिन तेंडुलकरांबद्दल इंग्रजीत 'आय नो हिम' असे म्हणतो तेव्हा ऐकणारा चकित होऊन विचारतो, तुमची कुठे गाठ पडली?

उलट बाजूने पाहिले तर इंग्रजी जेथे वेगळे शब्द वापरते, तेथे आपण एकाच 'ओळखणे'मध्ये तीन अर्थ कोंबले आहेत. 'मी त्याला ओळखतो' म्हणजे आमचा परिचय आहे. 'मी त्याला ओळखले' म्हणजे चेहरा पाहून तो कोण ते कळले. आणि 'ओळखा पाहू!' म्हणजे अंदाज करा. टेलिफोनवरून फसवणूक करणारे भामटे नेमक्या याच फटीतून आत शिरतात. 'काय काका, ओळखलंत का?' असा आपुलकीचा आवाज येतो. काका भिडेपोटी अंदाज करतात, 'अरे, नागपूरचा का तू?' झाले! त्या क्षणापासून तो भामटा नागपूरचा पुतण्या होतो आणि थोड्याच वेळात त्याला पैशांची निकड लागते. ओळखले नव्हतेच, अंदाज केला होता. ओळखीचा वाटणे आणि ओळखीचा असणे या दोन गोष्टी आहेत, हे या काकांना कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

मानसशास्त्रानेही या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली एक साधे उदाहरण दिले. बसमध्ये एक माणूस दिसतो. चेहरा नक्की ओळखीचा आहे, पण हा कोण, कोठे पाहिला, काही केल्या आठवत नाही. मग एकदम उलगडते की, हा तर आपला नेहमीचा मटणवाला! दुकानात, सुऱ्या आणि तराजूंच्या मध्ये तो उभा असता तर क्षणही लागला नसता. म्हणजे 'हे कधीतरी पाहिले आहे' ही जाणीव आणि 'हे अमुक आहे' ही आठवण मेंदूत वेगवेगळी असते. पहिली लगेच येते. दुसरीला संदर्भ लागतो. आपल्याकडे पहिलीसाठी 'तोंडओळख' असा नेमका शब्द आहे, आणि तो इंग्रजीच्या तासाला कोणी वापरत नाही याचे मला वाईट वाटते. इंग्रजीत रस्त्यात भेटल्यावर मान हलवण्यापुरत्या ओळखीला 'नॉडिंग अक्वेन्टन्स' म्हणतात. आणि आपण जसे 'रसायनशास्त्राची तोंडओळख' म्हणतो, तसेच तेही एखाद्या विषयाशी असलेल्या जुजबी परिचयाला हेच शब्द लावतात. दोन दूरच्या भाषांनी एकच युक्ती करावी, हे पाहण्यासारखे आहे.

अशी तोंडे आपल्याजवळ साठतात तरी किती? इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली अंदाज केला की, एक माणूस सरासरीने सुमारे ५,००० चेहरे ओळखू शकतो. कोणी १,०००, तर कोणी १०,०००. यात घरचे आले, मित्र आले आणि चित्रपटातले नटही आले. यांपैकी बहुतेकांना आपण 'अक्वेन्टन्स' म्हणू शकणार नाही, कारण तो शब्द दुहेरी आहे. मी त्यांना ओळखतो आणि तेही मला ओळखतात, असे असेल तरच तो लागू पडतो. नटाचे तसे नाही. ती ओळख एका दिशेनेच वाहते.

आणि एक चमत्कारिक वर्ग असा आहे की, ओळख दुहेरी आहे तरी परिचय शून्य! न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ साली त्याला 'फॅमिलियर स्ट्रेंजर' असे नाव दिले. आपण 'ओळखीचा अनोळखी' म्हणू. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका रेल्वे स्थानकावर रोजच्या वेळी उभ्या असलेल्या प्रवाशांची छायाचित्रे घेतली आणि नंतर ती त्याच प्रवाशांना दाखवून विचारले, यांतल्या कोणाला ओळखता? वर्षानुवर्षे पाहिलेली पण कधी एक शब्दही न बोललेली अशी सरासरीने सुमारे चार माणसे प्रत्येकाला सापडली. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको. आठ-बाराच्या गाडीला तिसऱ्या खिडकीशी बसणारे गृहस्थ चार दिवस दिसले नाहीत तर आपल्याला चुकल्यासारखे होते, पण पाचव्या दिवशी ते दिसले तरी आपण त्यांना 'बरे होता ना?' असे विचारत नाही. मात्र हेच गृहस्थ कधी महाबळेश्वरला भेटले, तर दोघेही जुने स्नेही असल्यासारखे हात हलवतील. मिलग्रॅम यांचेही निरीक्षण हेच होते. नेहमीच्या जागेपासून जितके दूर, तितका बोलण्याचा संभव अधिक.

आता ज्या सिद्धांताचा उल्लेख आरंभी केला त्याकडे येतो. मार्क ग्रॅनोव्हेटर हे त्या वेळी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातले तरुण संशोधक होते. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना ते विचारत फिरत होते की, तुम्हांला या नोकरीची बातमी कोणी दिली? 'एखाद्या मित्राने का?' असे ते विचारत, आणि लोक त्यांना वारंवार दुरुस्त करीत. मित्र नव्हे हो, ओळखीचा! एखाद्या घाईतल्या प्रश्नकर्त्याने 'तेच ते' म्हणून कागदावर 'मित्र' असे टिपून घेतले असते. ग्रॅनोव्हेटर तसे करते तर काही हाती लागले नसते. लोक हा शब्द इतक्या आग्रहाने का दुरुस्त करतात, याचाच त्यांनी विचार सुरू केला.

मग त्यांनी शब्द बाजूला ठेवून आकडा पाहिला. बातमी देणाऱ्याची आणि तुमची गाठ त्या सुमारास किती वेळा पडत असे? ओळखीपाळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांपैकी फक्त ९ जणांनी सांगितले की, आठवड्यातून दोनदा किंवा अधिक. ३० जणांची भेट कधीमधी होत असे, आणि १५ जणांची वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी! जिवलगांनी नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्यांनी बातमी आणली होती. १९७३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हा निबंध आज समाजशास्त्रातल्या सर्वांत अधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या निबंधांपैकी एक आहे. (त्याआधी तो एका मान्यवर नियतकालिकाने साभार परत पाठवला होता, हे पहिल्या अपयशाने खट्टू होणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.)

असे का व्हावे? कारण सोपे आहे. माझे मित्र एकमेकांचेही मित्र असतात. आम्ही एकाच कट्ट्यावर बसतो, त्याच बातम्या ऐकतो. जे त्यांना ठाऊक ते मला आधीच ठाऊक. पण वर्षातून एकदा लग्नकार्यात भेटणारा ओळखीचा माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरतो. तिकडची बातमी इकडे यायला तोच एक पूल असतो. मित्रांचे धागे घट्ट, म्हणून ते जवळच्यांनाच बांधून ठेवतात. ओळखीचे धागे सैल, म्हणून ते दूरवर पोचतात. नात्याची घट्टाई मोजायला त्यांनी चार गोष्टी सुचवल्या: एकमेकांना दिलेला वेळ, भावनेची उत्कटता, मनातले बोलण्याइतका विश्वास आणि एकमेकांची केलेली कामे. शब्दकोशात 'फ्रेंड'पुढे नुसते 'मित्र' असे लिहिण्यापेक्षा हे चार निकष छापले तर विद्यार्थ्यांचे अधिक भले होईल.

हा सिद्धांत पुढे मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. लिंक्डइन या संगणकीय जाळ्यावरच्या सुमारे दोन कोटी माणसांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. नोकरी बदलायला सैल धाग्यांचा उपयोग अधिक होतो हे त्यात दिसले. मात्र अगदीच तुटायला आलेले धागे नव्हे, तर मध्यम सैल असलेले. म्हणजे ओळखीच्या माणसांतही प्रकार आहेत. आपण ज्यांना सरसकट 'परिचित' म्हणतो त्या पेटीत आणखी दोन-तीन कप्पे करावे लागणार.

एका गोष्टीची नोंद आपल्या भाषेने फार पूर्वी करून ठेवली आहे. 'माझी तिथे ओळख आहे' असे कोणी हलक्या आवाजात सांगतो तेव्हा तो बातमीबद्दल बोलत नसतो. तो वशिल्याबद्दल बोलत असतो. चीनमधल्या तिआंजिन शहरात, नोकऱ्या सरकारी यंत्रणेकडून मिळत असत त्या काळाचा अभ्यास यानजिए बिआन यांनी केला आणि १९९७ साली प्रसिद्ध केला. तेथे सैल ओळखी नव्हे, घट्ट नातीच कामाला आली होती. बातमी कोणीही देतो. शब्द टाकायला मात्र जवळचा माणूस लागतो. बातमी आणि वशिला या दोहोंना 'ओळख' हा एकच शब्द वापरून आपण स्वतःची सोय करून घेतली आहे, असे मला कधीकधी वाटते.

राहिला 'कॉन्टॅक्ट'. याचे मूळ स्पर्शात आहे. व्यापारी माणूस आपल्या उपयोगी पडणाऱ्या ओळखीच्या व्यक्तींना 'कॉन्टॅक्ट' म्हणतो, मोबाइलमध्ये नावे साठवतात त्या यादीलाही तेच नाव. पण साथरोगशास्त्रात त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. देवीच्या रोगाचे उच्चाटन करताना रुग्ण सापडला की त्याच्या सहवासात आलेल्या प्रत्येकाचा माग काढून त्याला लस टोचत. या पद्धतीने भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला. २०२० साली करोनाच्या साथीत हाच शब्द घरोघरी पोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या व्याख्येनुसार, रुग्णासमोर एक मीटरच्या आत पंधरा मिनिटांहून अधिक काळ असलेली व्यक्ती 'कॉन्टॅक्ट' मानली जाई. यात ओळखीचा संबंध कोठे आला? बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस 'कॉन्टॅक्ट' ठरतो आणि ज्याच्याशी रोज तासभर फोनवर बोलतो तो जिवलग मित्र ठरत नाही.

पण रुग्णाला विचारले की तो आठवतो ती मित्रांची आणि नातलगांची नावे. बसमधला माणूस यादीत येतच नाही, कारण त्याला नावच नसते. मुखपट्टीचेही तेच झाले. परक्यांसमोर नाकावर चढवलेली पट्टी 'हा तर आपल्या ओळखीचाच' म्हणून खाली उतरवणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. विषाणूला परिचय कळत नाही, अंतर आणि वेळ कळते. त्याच वर्षी भारतात आलेले 'आरोग्य सेतू' हे मोबाइलवरचे साधन नाव न विचारता ब्लूटूथच्या लहरींवरून जवळपासचे मोबाइल टिपत असे, ते याच अडचणीवर उपाय म्हणून.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हल्ली सर्वेक्षणे पुष्कळ असतात, आणि 'तुम्हांला मित्र किती?' असा प्रश्न त्यांत हमखास सापडतो. एक मुलगा सांगतो ४, दुसरा सांगतो ६००. दुसऱ्याने फेसबुकावरची यादी मोजलेली असते, कारण तेथे प्रत्येक ओळखीच्याला 'फ्रेंड'च म्हणतात. या दोन आकड्यांची सरासरी काढून रंगीत आलेख काढला तरी त्याला काही अर्थ नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की, असा प्रश्न दिसला तर तेथेच मुलांना थांबवावे आणि शब्दाऐवजी मोजता येईल असे काही विचारायला सांगावे. गेल्या सात दिवसांत तुम्ही कोणाकोणाशी बोललात? त्यांपैकी कितींचे नाव तुम्हांला ठाऊक आहे? कितींना तुमचे नाव ठाऊक आहे? कितींजवळ तुम्ही आपली अडचण सांगाल?

हे चार प्रश्न घेऊन वर्गाने आठवडाभर नोंदी ठेवाव्यात आणि मग इंग्रजीच्या तासाला त्या रकान्यांना नावे द्यावीत. कोणता रकाना 'फ्रेंड', कोणता 'अक्वेन्टन्स', कोणता नुसता 'नॉडिंग', यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. पाचवा रकाना मात्र आधीच आखून ठेवा: रोज दिसतात, पण ज्यांच्याशी कधीच बोललो नाही अशांचा. शाळेच्या वाटेवरचा चांभार, समोरच्या गॅलरीतल्या आजी, बसचे कंडक्टर. तो रकाना भरायला सुरुवात केली की बहुधा कागद पुरणार नाही.